जाळ, निखारा आणि धूर

मिरजगावात पूर्वी संध्याकाळ धुरावरून कळायची. दिवेलागणीच्या सुमारास घरोघरच्या माळवदांना ठेवलेल्या साण्यांतून धूर वर यायचा आणि थंडीच्या दिवसांत गावावरच रेंगाळत राहायचा. नगर-सोलापूर रस्त्यावर एसटीतून उतरलेला माणूस घरी पोचेपर्यंत नुसत्या वासावरून सांगायचा, की या आळीत भाकरी सुरू झाल्यात, त्या घरी दूध आटायला ठेवलंय आणि पलीकडच्या वाड्यात पाहुणे आलेत, कारण तिथे बाभळीच्या जाळावर रस्सा उकळतोय. आता त्याच रस्त्याला धाब्यांच्या पाट्या दिसतात : चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरचा चहासुद्धा. घरातली चूल उठली आणि पाटीवर जाऊन बसली.

तिकडे अमेरिकेत लोक अंगणात पेलेट ग्रिल नावाचं यंत्र मांडतात. त्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या आपोआप जळतात, उष्णता आपोआप राखली जाते, आणि तरीही तिथल्या हौशी खवय्यांची एक तक्रार कायम ऐकू येते : धुराची चव हवी तशी उतरत नाही. माझा पुतण्या टेक्सासात असतो. त्याच्याकडे असं ग्रिल आहे. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "नाना, सगळं सांगितल्यासारखं करतो, पण आजीच्या चुलीची चव काही येत नाही." त्याला जे सांगितलं तेच इथे जरा पसरून लिहितो. चुलीच्या चवीबद्दल आपण सगळेच हळवे आहोत, पण ती चव नेमकी कशात होती हे फारसं कोणी बघत नाही. धुराच्या लोटात ती कधीच नव्हती. जाळ कसा लावला, निखारा कधी पडला आणि पदार्थ कोणत्या घडीला पुढे सरकवला, यात ती होती. चूल गेली म्हणून ही जाण जायला नको, आणि ही जाण हवी म्हणून घरात पुन्हा धूर यायला नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमचा कर्जत तालुका कोरडा. काळी जमीन, शाळूचं पीक, सीना नदी, आणि पावसाचा भरवसा नाही. दाट जंगल आमच्या वाट्याला आलंच नाही. १९८० साली रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य झालं, तेही माळरानाचं, गवताचं आणि बाभळींचं. त्यामुळे जळण ही वर्षभराच्या बेगमीची गोष्ट होती. शाळू काढल्यावर रानात राहिलेली धसकटं, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, बांधावरच्या बाभळीच्या वाळक्या फांद्या, आणि सगळ्यांत भरवशाच्या गोवऱ्या. उन्हाळाभर शेण गोळा करून गोवऱ्या थापायच्या, वाळल्या की त्यांचा हुडवा रचायचा आणि वरून शेणमातीने लिंपून टाकायचा, म्हणजे पावसाळ्यात कोरडं जळण हाताशी राहायचं. चुलीत गेलेलं शेण रानाच्या खतातून वजा होतं, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण रोज दोन वेळा चूल पेटणं त्याहून निकडीचं होतं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी लोकांनी खाल्ल्या, त्याही अशाच वेचून आणलेल्या काटक्यांवर आणि धसकटांवर भाजलेल्या.

कोणतं जळण कशाला लावायचं, हा हिशेब बायकांच्या हातात होता आणि तो पक्का होता. तुराटी भपकन पेटते आणि लवकर विझते, म्हणून जाळ धरायला आणि पिठल्यासारख्या झटपट कामाला ती. पऱ्हाटी त्याहून जरा टिकते, तिचा जाळ भाकरीच्या तव्याखाली बरा. बाभळीचं लाकूड जड, सावकाश जळणारं, त्याचे निखारे टणक आणि बराच वेळ टिकणारे. ते सणावाराला, लग्नाच्या चुलाणाला, नाहीतर घरात मटण असलं की निघायचं. गोवरी धुमसत राहते, म्हणून दूध, कडधान्य, हुरडा अशा दमाच्या कामांना गोवरी. ओलं लाकूड कोणी चुलीत सारलं, की आजी ते ओढून बाहेर काढायची. "धुपतंय ते. सगळ्या कालवणाला कडू वास लागंल," म्हणायची. मांस भाजण्यावर आज जी जाडजूड पुस्तकं निघतात, त्यांतला पहिला धडा हाच असतो : लाकूड वाळलेलं हवं, आणि पांढरा दाट धूर दिसला तर पदार्थ आत ठेवू नये.

भाकरीचंच घ्या. तव्यावर भाकरी टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकत आलं की भाकरी उलटायची आणि दुसरी बाजू नीट होऊ द्यायची. तोवर चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून ठेवलेले असायचे. भाकरी तव्यावरून काढून त्या निखाऱ्यांसमोर उभी टेकवली, की बघता बघता टम्म फुगायची, पापुद्रा सुटायचा आणि त्यावर तपकिरी ठिपके उठायचे. यात धुराचं काम किती? जवळजवळ नाही. जाळ आत, तव्याखाली. निखारा बाहेर, भाकरीपुढे. निखाऱ्याची कोरडी धग भाकरीचा वरचा पापुद्रा खरपूस करते. जळत्या काटकीचा ओझरता वास लागला तर लागला. भाकरी चुलीत धुरकटली तर ती खाणाऱ्याला वाढायलाही बाईला अवघड वाटायचं.

दुधाचं मात्र वेगळं. गोवरीच्या मंद विस्तवावर दुधाचं मातीचं मडकं तासन्‌तास बसायचं. दूध उतू जाण्याइतकी धग नाही आणि गार होण्याइतका विस्तव कमी नाही. संध्याकाळपर्यंत दुधाला तांबूस रंग यायचा, वर बोटभर साय धरायची, आणि त्या सायीला, पुढे तिच्या लोण्याला आणि तुपालासुद्धा, धुराचा अगदी हलका वास असायचा. त्याला कारण आहे. धुरातले वासाचे घटक स्निग्ध पदार्थात चांगले विरघळतात. म्हणून सायीला, चरबी असलेल्या मटणाला, तेल लावलेल्या वांग्याला धूर पटकन लागतो आणि टिकतो. पाण्यातल्या आमटीला तेवढा लागत नाही.

आणि हुरडा! पौष-माघात शाळूची कणसं चिकात भरली, दाणा हिरवा आणि गोड असला, की रानात आगटी लागायची. जमिनीत उथळ खड्डा करायचा, त्यात गोवऱ्या रचून पेटवायच्या आणि मग थांबायचं. या थांबण्यावरच सगळं आहे. गोवऱ्यांचा पहिला पिवळट धूर निघून गेला, ज्वाळा बसली, वर राखेचा पांढरा थर आला आणि आत लाल विस्तव राहिला, की कणसं दांडा बाहेर ठेवून त्या राखेत खुपसायची. अधूनमधून फिरवायची. दाणे फुलायला लागले की काढायची आणि गरम गरम असतानाच तळहातावर किंवा गोणपाटावर चोळायची. फुंकर मारली की कोंडा उडून जातो आणि हिरवे, मऊ, कुठे कुठे करपलेले दाणे उरतात. लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही आणि बांधावरची बोरं. शेजारी हरभऱ्याचा हुळा भाजायला टाकलेला. हुरड्यासाठी सुरती, गुळभेंडी अशा ज्वारीच्या खास जाती लोक राखून ठेवायचे. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा, फुले मधुर अशा हुरड्याच्या जाती दिल्या. जात बदलली तरी आगटीचा नियम बदलला नाही. घाई करून धुरात कणीस घातलं, तर हुरडा कडवट होतो. विस्तव पडू दिला, तर गोड लागतो.

महाराष्ट्रात जिथे जिथे भाजण्याची परंपरा आहे, तिथे हीच गोष्ट आपापल्या जळणाने केलेली दिसते. खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळात भाजतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. रायगडात पोपटी लावतात : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळा, गोवऱ्या पेटवायच्या. गोव्यात चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, वाळवताना त्याला उन्हाबरोबर चुलीवरचा धूर देण्याची पद्धत होती. माणसं वेगळी, पदार्थ वेगळे, आणि शहाणपण एकच : आपल्या मातीत जे वाळतं त्यावर भाजायचं आणि आग शांत झाल्याशिवाय भाजायचं नाही.

याच्यामागचं विज्ञान आता नीट सांगता येतं. लाकडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असे तीन मुख्य घटक असतात. लाकूड तापलं की आधी पाणी जातं, मग हे घटक फुटायला लागतात. त्यात लिग्निन हा चवीचा धनी. साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला लाकूड धुमसत असताना लिग्निनमधून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं सुटतात. ज्याला आपण धुराची चव आणि धुराचा वास म्हणतो, तो मुख्यतः या दोघांचा. हवा फार कमी पडली किंवा लाकूड ओलं असलं, तर अर्धवट जळून दाट पांढरा धूर निघतो. त्यात डांबरासारखे कडू घटक असतात आणि ते पदार्थावर थर धरतात. उलट हवा भरपूर मिळाली आणि जाळ कडक असला, तर धूरच जळून जातो आणि वास उरत नाही. चांगली चव या दोन टोकांच्या मधे असते : पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. मिरजगावच्या बाईला यातलं एकही नाव माहीत नव्हतं. पण फुंकणीने किती फुंकायचं, लाकूड किती आत सारायचं आणि कधी मागे ओढायचं, हे तिला माहीत होतं. म्हणजे हवा आणि इंधन या दोन्हींवर तिचा ताबा होता.

इथपर्यंत गोड आठवणी झाल्या. आता त्यांची किंमत. ती चव आम्ही ओसरीवर बसून खाल्ली आणि तो धूर आमच्या आयांनी आत बसून खाल्ला. साणं एवढंसं, खोली काळीकुट्ट, भिंतीला हात लावला की काजळी. पावसाळ्यात तर साण्यावरही झाकण पडायचं आणि ओलसर जळण धुपायचं. फुंकता फुंकता डोळ्यांतून पाणी, पदराने पुसायचं आणि पुन्हा फुंकायचं. म्हाताऱ्या बायकांचा रात्रीचा खोकला आणि लवकर अधू झालेली नजर, याला तेव्हा कोणी आजार म्हणत नव्हतं, वय म्हणत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा प्रदूषित हवेमुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. चुलीच्या चवीवर जो कोणी लिहील त्याने हा आकडा लिहिल्याशिवाय लेखणी खाली ठेवू नये, असं मला वाटतं.

उपाय झाले नाहीत असं नाही. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि गावोगाव निर्धूर चुली आल्या. काही टिकल्या, बऱ्याच पुढे मोडून पडल्या. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उसाच्या पाचटापासून कोळसा आणि त्याच्या कांड्या करण्याची पद्धत बसवली, तिला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आणि मग १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली आणि ज्या घरांनी सिलिंडर कधी पाहिला नव्हता त्या घरांतही तो पोचला. आजही खेड्यांतल्या पुष्कळ घरांत दोन्ही आहे. चहा आणि भाजी गॅसवर, अंघोळीचं पाणी आणि पाहुण्यांचं मटण चुलीवर. पण रोजच्या दोन वेळच्या धुरातून बायका सुटल्या, हे गेल्या पन्नास वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात झालेलं सर्वांत मोठं काम आहे.

पेलेटची गोष्ट इथेच येते, आणि ती अमेरिकेतली नाही, आपल्याकडची आहे. २००६ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने 'ऊर्जा' नावाची शेगडी महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या खेड्यांत विकायला आणली. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीने ते काम पुढे चालवलं. शेंगांची टरफलं, उसाचा भुसा असा शेतातला कचरा दाबून केलेल्या पेलेट तिच्यात घालायच्या, आणि बॅटरीवरचा छोटा पंखा खालून हवा द्यायचा. हवा पुरेशी मिळाल्यामुळे धूर निघता निघताच जळून जायचा आणि ज्वाळा गॅससारखी दिसायची. काही लाख घरांत ती शेगडी गेली. पण ज्या कचऱ्यापासून पेलेट व्हायच्या त्याला कारखान्यांकडून मागणी वाढली, पेलेट महागल्या आणि घरगुती गिऱ्हाईक मागे हटलं. पूर्वी बांधावर फुकट पडलेली तुराटी आणि जागच्या जागी पेटवून दिलेलं पाचट आता विकत घेतलं जातं, दाबून कारखान्यांच्या भट्ट्यांत आणि औष्णिक वीज केंद्रांत जाळलं जातं. जळणाला एवढा भाव येईल असं आजीला कोणी सांगितलं असतं, तर तिला ते पटलं नसतं.

आता माझ्या पुतण्याचं ग्रिल बघा. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात माउंट एंजल या गावच्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं. ऑरेगन म्हणजे लाकूड कापणाऱ्या गिरण्यांचा मुलूख, भुशाचे ढीग आयतेच. तो भुसा दाबून कांड्या करतात. दाबताना येणाऱ्या उष्णतेने लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि भुसा धरून ठेवतं, वेगळा डिंक लागत नाही. यंत्राच्या एका बाजूला कांड्यांची पेटी. तिच्या तळाशी फिरणारा पेचदार दांडा कांड्या थोड्या थोड्या करून आगीच्या वाटीत ढकलतो, पंखा हवा देतो आणि तापमापक सांगेल तसं हे दोन्ही कमी-जास्त होतं. सारलेलं लाकूड मागे ओढणारा आजीचा हात तिथे यंत्राला दिलेला आहे.

म्हणजे यंत्र तेच, जे 'ऊर्जा' शेगडीत होतं : कोरडी कांडी आणि पंख्याची हवा. त्या शेगडीत धूर निघत नाही म्हणून ती चांगली होती. या ग्रिलमधून धूर निघत नाही म्हणून लोक नाराज आहेत. रोज रांधणारीला जी सुटका वाटते, तीच सुटीच्या दिवशी भाजणाऱ्याला उणीव वाटते. हे एकदा समजलं, की पेलेट ग्रिलमध्ये धुराची चव कशी आणायची याचं उत्तर आपोआप सापडतं. आग थोडी धुमसू द्यायची, पण धुपू द्यायची नाही.

पुतण्याला मी सांगितलं ते असं. पहिला तास-दीड तास उष्णता खालीच ठेव, साधारण ८० ते ११० अंश सेल्सिअस. तेव्हा कांड्या थांबून थांबून पडतात, आग मधूनमधून धुमसते आणि चवीचा धूर त्याच वेळी निघतो. उष्णता चढवली की पंखा आणि जाळ दोन्ही वाढतात आणि धूर जळून जातो. मांस फ्रिजमधून काढून गारच आत ठेव, वरून किंचित ओलं असू दे. धूर गार आणि ओल्या पृष्ठभागावर चांगला बसतो. मांस शिजून कोरडं झालं, की नंतर कितीही धूर दे, तो वर वर राहतो. एवढ्यानेही समाधान झालं नाही, तर जाळीची लोखंडी नळी मिळते. ती कांड्यांनी भरायची, एका टोकाला पेटवायची, ज्वाळा विझवायची आणि आत ठेवायची. ती पंख्याच्या तावडीबाहेर हळूहळू धुमसत राहते. कांड्या कोरड्या जागी ठेव, ओल लागली की त्या फुगून भुसा होतात. आणि कापल्यावर मांसाच्या कडेला दिसणाऱ्या गुलाबी पट्ट्यावर भुलू नकोस. तो धुरातल्या वायूंमुळे मांसाच्या रंगद्रव्यात होणारा बदल आहे, त्याला स्वतःची चव नसते.

राहिलं लाकूड. टेक्सासात मांस भाजायला मेस्किट नावाचं लाकूड नावाजलेलं आहे. त्याच्या कांड्याही मिळतात आणि लोक मुद्दाम मागवतात. हे मेस्किट म्हणजे कोण? आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातलीच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या देशात आणलेली. आज सीनेच्या काठाला, पडीक रानांत, रस्त्याच्या कडेला ती माजलेली आहे आणि शेतकरी तिच्या नावाने बोटं मोडतात. तिचं जळण धगीला जबर, निखारा दमदार, आणि वास उग्र. मेस्किटबद्दलही तिथे हेच सांगतात, की थोड्या वेळाच्या भाजण्याला ते उत्तम, आणि दिवसभर त्याचाच धूर दिला तर मांस कडू होतं. पुतण्याला म्हटलं, "मेस्किटच्या कांड्या एक भाग घे आणि ओकच्या तीन भाग. आपल्या गावच्या वासाच्या जवळ जाशील." त्याने तसं केलं. पुढच्या फोनवर म्हणाला, "नाना, चूल नाही, पण चुलीच्या शेजारचं काहीतरी आहे." मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. चुलीच्या चवीत जळणाबरोबर बरंच काही होतं : पाट्यावर वाटलेलं वाटण, शाळूचं ताजं दळलेलं पीठ, मातीचं भांडं आणि रानात राबून आलेली भूक. या गोष्टी कुठल्याही यंत्राच्या पेटीत भरता येत नाहीत.

आजच्या मिरजगावात हिवाळा आला, की पुण्या-मुंबईकडची माणसं हुरड्याला येतात. अशा हुरडा पार्ट्या नगर-सोलापूरच्या पट्ट्यात आता चांगल्या रुळल्या आहेत आणि त्यातून शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, हे चांगलंच आहे. पण गर्दीच्या ठिकाणी विस्तव पडण्याची वाट बघायला वेळ नसतो आणि घाईत कणसं धुरात जातात. महामार्गावरच्या काही धाब्यांतही पाटी चुलीची आणि रस्सा आत गॅसवर शिजवून वर निखाऱ्यावर ठेवलेला, असं असतं. जिथे खरोखर चूल आहे, तिथे तिच्यापुढे बहुतेक वेळा बाईच बसलेली असते, पत्र्याच्या बंद शेडमध्ये, दिवसभर. आपल्याला ती चव विकत मिळते आणि तिला तो धूर फुकट मिळतो. हे चित्र पन्नास वर्षांपूर्वीच्या घरापेक्षा फार वेगळं नाही.

म्हणून वाचकांना माझं सांगणं आहे. चुलीची चव हवी असेल तर जरूर घ्या, पण उघड्यावर घ्या. अंगणात तीन दगड मांडा, वाळलेली बाभूळ लावा, पांढरा धूर जाऊ द्या आणि निखाऱ्यावर वांगं, कणीस, भाकरी, मटण काहीही भाजा. आग धरायला प्लॅस्टिकची पिशवी, रंग दिलेली फळी किंवा रॉकेल वापरू नका, त्यांचं विष थेट पदार्थात उतरतं. शहरातल्या सदनिकेत असाल, तर शिजलेल्या रश्शात एक छोटी वाटी तरंगती ठेवा, तिच्यात बाभळीच्या कोळशाचा लालबुंद निखारा घाला, वर चमचाभर तूप सोडा आणि झाकण लावून पाच मिनिटं धुरी द्या. तूप आणि रश्शावरचा तवंग तो वास धरून ठेवतात. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि दयाही नसते. ज्यांच्याकडे पेलेट ग्रिल आहे त्यांनी पहिला तास धीर धरावा. धाब्यावर चुलीवरचं जेवताना चुलीपुढे कोण बसलंय आणि तिथला धूर कुठून बाहेर जातोय, हे एकदा वाकून बघा आणि मालकाला धुराडं करायला सांगा. गिऱ्हाइकाने सांगितलेलं मालक ऐकतो. आणि तुमच्या गावात, भावकीत, एखाद्या घरी अजूनही दोन्ही वेळचा स्वयंपाक बंद खोलीतल्या चुलीवर होत असेल, तर हुरड्याचा बेत ठरवण्याआधी त्या घरात गॅस पोचतो की नाही, आणि पोचला असेल तर सिलिंडर भरून आणायला पैसे आहेत की नाहीत, हे विचारा.